ड्रायरची तक्रार : 28 ऑगस्टच्या आत दाखल करा, बाकीचं नंतर बघू

पावसाळा लागला की ड्रायर, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टरचे मेल यायला लागतात आणि बहुतेकांची गोष्ट एकच असते, म्हणून कल्याणच्या एका ताईंना दिलेलं उत्तर इथे सगळ्यांसाठी टाकतोय.

त्यांची गोष्ट थोडक्यात अशी. ऑक्टोबर 2022 ला 34 हजारांचा कपडे वाळवायचा ड्रायर घेतला, वॉरंटी दोन वर्षांची. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, रोज चार चादरी धुवायला, म्हणजे हौसेने घेतलेली वस्तू नाही ही. 19 जून 2023 ला ड्रम फिरायचा थांबला, कंपनीच्या माणसाने येऊन फुकटात बेल्ट बदलला. महिन्याभरात परत तेच, परत बेल्ट. ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा थांबला तेव्हा "ओव्हरलोड, वॉरंटीत बसत नाही" असं जॉब शीटवर (भेटीत काय केलं ते लिहायच्या कागदावर) लिहून माणूस निघून गेला आणि 28 ऑगस्ट 2023 ला कंपनीचा तसाच मेल आला. त्यानंतर आजपर्यंत, म्हणजे जुलै 2025 अर्धा संपत आला तरी, ताई मेलच लिहितायत. आणि मला विचारतायत की लीगल नोटीस कशी लिहायची.

ताई, नोटीस बाजूला ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69 : वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निकाल देणाऱ्या मंचात, तक्रार दाखल झाली पाहिजे. तुमचं सगळं या एका कलमावर अडकलंय. तुम्ही पाठवलेल्या मेलने ही मुदत वाढत नाही, कंपनीच्या "आपली तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे" या उत्तराने वाढत नाही, 1915 या सरकारी ग्राहक हेल्पलाईनवर नोंदवलेल्या तक्रारीने पण थांबत नाही. हेल्पलाईन चांगली आहे, कितीतरी जणांचं काम तिथेच होतं, पण तो आयोग नाही. आणि नोटीस पाठवून पंधरा दिवस वाट बघावीच लागते असं या कायद्यात कुठेही नाही. हा गैरसमज कोणी पसरवला माहीत नाही, पण त्यापायी लोकांच्या चांगल्या केसेस मुदतीबाहेर गेलेल्या मी बघितल्यात आणि दरवेळी जीव तुटतो.

आता दोन वर्षं मोजायची कुठून? कंपनीचा वकील म्हणणार 19 जून 2023 पासून, म्हणजे मुदत गेल्या महिन्यातच संपली. आपण म्हणायचं की तेव्हा कंपनीने वॉरंटीत बेल्ट बदलून दिला, म्हणजे जबाबदारी मान्य केली, भांडण सुरू झालं ते 28 ऑगस्टला हात वर केले तेव्हा. मला आपली बाजू भक्कम वाटते, पण आयोग काय म्हणेल याची हमी मी देणार नाही, म्हणून तक्रारीसोबतच विलंब माफीचा अर्ज जोडा. पुरेसं कारण दाखवलं तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण त्याची कारणं आयोगाला लिहून नोंदवावी लागतात, आणि "आमचे मेल चालू होते" एवढ्यावर ते मिळेलच या भरवशावर राहू नका. सासूबाईंच्या आजारपणाचे कागद असतील तर ते लावा.

दुसरं म्हणजे कंपनी आता म्हणतेय की वॉरंटी ऑक्टोबर 2024 ला संपली. संपू दे. तिन्ही तक्रारी वॉरंटी चालू असतानाच्या आहेत, त्या संपल्या नाहीत.

आता जे वाचून मला खरंच राग आला ते. डिसेंबर 2023 ला तुम्ही गल्लीतल्या मेकॅनिकला बोलावलंत, त्याने मागचं कव्हर उघडून तुम्हाला दाखवलं की बेल्ट ताणून धरणारी छोटी पुली फिरतच नाहीये, जाम झालीये, खाली काळी रबराची भुकटी पडलीये, आणि बेल्टची एक कड पार दोऱ्यादोऱ्यांनी उसवलीये. पुली मिळाली नाही म्हणून त्याने 1,400 रुपयांत नुसता बेल्ट घातला, तो होळीपर्यंत टिकला. आणि तुटलेला बेल्ट तुम्ही कचऱ्यात टाकलात! अहो ताई, तोच तर पुरावा होता. मी इंजिनीअर नाही, पण एकाच मोसमात दोन नवे बेल्ट जात असतील तर दोष बेल्टचा नसतो, त्याला खाणाऱ्या कशाचा तरी असतो, आणि हे कंपनीच्या माणसाने पहिल्या नाहीतर दुसऱ्या खेपेला बघायला हवं होतं. पुली जाम होती हे सिद्ध झालं तर ओव्हरलोडची सबब बरीच ढिली पडते. पण कंपनी आता म्हणणार की मशीन बाहेरच्या माणसाने उघडलं, आम्हाला काय माहीत त्याने काय केलं.

तरी सगळं गेलेलं नाही. मुलीने तेव्हा फोनवर फोटो काढले होते असं म्हणताय, ते मूळ फोनमध्येच राहू द्या, डिलीट करू नका. मेकॅनिककडून प्रतिज्ञापत्र घ्या, त्याने काय बघितलं तेवढंच, मोठे शब्द नकोत. तिन्ही जॉब शीट नसतील तर त्या भेटींचे एसएमएस शोधा. आणि मशीनला आता कोणाचाही हात लागू देऊ नका. प्लग काढून ठेवा, ड्रम थांबलेला असताना "गरम हवा तरी येते ना" म्हणून आत चादरी ठेवून चालवताय ते आजच बंद करा, कपडा एकाच जागी तापत राहतो, आत लिंट, म्हणजे कपड्यांचे सुटलेले बारीक तंतू, साचलेलं असतं, आग लागायला वेळ लागत नाही. गरज पडली तर आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो, त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागेल, पण वारंवार बिघाडाची कागदपत्रं नीट असतील तर कदाचित तिथवर जावंही लागणार नाही.

दाखल कुठे करायचं, तर ठाणे जिल्हा आयोगात. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस दिल्लीत असो की चेन्नईत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होतं. कंपनी आणि दुकानदार दोघांनाही सामनेवाले करा, म्हणजे तक्रार दोघांविरुद्ध करा. मागणी बदली मशीन किंवा पैसे परत, मेकॅनिकचे 1,400, आणि पटेल एवढी नुकसानभरपाई.

निकाल कधी? कायद्यात तीन महिने लिहिलंय, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तेवढ्यात संपलेली केस मी क्वचितच बघितलीये, सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात आणि तारखा लांबतात, याची किंमत तुमच्यासारख्या घरांनी का मोजायची हे मला आजवर कळलेलं नाही. एक मात्र पक्कं, सामनेवाल्याला लेखी उत्तराला 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात, त्यापुढे नाही, हे 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने स्पष्ट केलंय. 46 व्या दिवशी ते आले तर तिथेच हरकत घ्या.

आणि कॅलेंडर बघा. यंदा गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला आहे, तुमचा शेवटचा दिवस 28. घरात दीड दिवसाचा गणपती असताना तुम्ही पोर्टलवर स्कॅन चढवत बसणार नाही, आणि कागदात त्रुटी निघाली तर दुरुस्तीला दिवसही उरणार नाहीत. 31 जुलैच्या आत अपलोड करा आणि पोर्टलवर मिळालेला नंबर मला मेल करा.