काएदामा म्हणजे तोतया?

प्रश्न असा आला आहे: जपानमधल्या फुकुओका शहरातल्या हाकाता भागात, आठ-दहा माणसं मावतील एवढ्या रामेनच्या (रश्श्यातल्या नूडल्सच्या) दुकानात 'काएदामा' अशी पाटी होती. किंमत शंभर-दीडशे येन, म्हणजे अगदी स्वस्त. फोनवर अर्थ पाहिला तर 'तोतया'! हे काय विकतात?

फोन चुकलेला नाही. 'काएरु' म्हणजे बदलणे, त्यातला 'काए'. 'तामा' म्हणजे गोळा. दोन शब्द जुळताना 'त'चा 'द' झाला. जगत् आणि ईश मिळून जगदीश होतो तेव्हा आपलाही 'त' असाच मऊ होतो. नियम निराळे, पण मराठी कानाला ही ओळखीची खूण वाटते. 'ए' मात्र सुटा उच्चारतात, म्हणून 'कायदामा' लिहू नये.

एकाच्या जागी गुपचूप दुसरा उभा करायचा, हा या शब्दाचा एक रूढ अर्थ. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा जो तोतया निघाला, तो जपानीत काएदामाच ठरेल. दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसणारा डमी उमेदवारही काएदामा.

रामेनच्या दुकानात फसवणूक गळून पडते आणि उरतो नुसता गोळा, ताज्या उकडलेल्या नूडल्सचा. हाकाताचं रामेन म्हणजे 'तोनकोत्सु'. डुकराची हाडं तासन्‌तास उकळून केलेला दुधाळ रस्सा आणि त्यात बारीक, सरळ नूडल्स. त्या रश्श्यात पटकन मऊ पडतात, म्हणून सुरुवातीला बेतानेच वाढतात. फुकुओकातल्याच नागाहामाच्या मासळी बाजारात घाईत जेवणाऱ्यांमुळे ही रीत पडली, असं सांगतात. नूडल्स संपत आल्या की रस्सा न पिता राखायचा आणि म्हणायचं, "काएदामा ओनेगाइशिमासु", म्हणजे 'काएदामा द्या, कृपया'. दुसरा गोळा त्याच वाडग्यात येतो. कडक हव्या असतील तर आधी 'बारिकाता' म्हणावं. त्यातला 'बारि' म्हणजे तिकडच्या बोलीतलं 'लय'! उत्तर जपानमधल्या साप्पोरो शहराच्या मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) रामेनमध्ये नूडल्स जाड आणि नागमोडी असतात. तिथे भूक मोठी असेल तर पहिल्यापासूनच 'ओओमोरि', म्हणजे मोठा वाडगा, मागवतात.

याला मराठीत काय म्हणावं? मिसळ खाताना आपण वरून रस्सा मागतो. इथे रस्सा तोच राहतो आणि आतला ऐवज नवा येतो, म्हणून मिसळीची भाषा पुरत नाही. 'जादा नूडल्स' बरोबर आहे, पण बेचव. मला 'पुरवणी' हा शब्द फार आवडतो. उत्तरपत्रिका भरली की हात वर करून पुरवणी मागायची आणि तोच पेपर पुढे चालू ठेवायचा. हाकातात नेमकं हेच घडतं.

मूळ शब्दच वापरायचा असेल तर 'गोळा'सारखा पुल्लिंगी चालवावा: तो काएदामा, आणि भूक टिकली तर दोन काएदामे.