फाय(झेड) = (१ + झेड)/२ युनिट वर्तुळाला एकाच बिंदूत टेकतो, तरी त्याचा कंपोझिशन ऑपरेटर (एफ(झेड) च्या जागी एफ(फाय(झेड)) ठेवणारा) कॉम्पॅक्ट का नाही?

बाउंडेडपणाची काळजी सोडा. लिटलवुडच्या १९२५ च्या प्रमेयामुळे युनिट डिस्कला स्वतःतच नेणारं कुठलंही अॅनालिटिक फंक्शन घ्या, हार्डी स्पेस एच-२ वर (डिस्कवरची अशी अॅनालिटिक फंक्शन्स, ज्यांच्या पॉवर सिरीजमधल्या सहगुणकांच्या वर्गांची बेरीज सांत असते) ऑपरेटर बाउंडेडच निघतो. घोडं अडतं ते कॉम्पॅक्टपणापाशी, म्हणजे प्रत्येक बाउंडेड सिक्वेन्सच्या प्रतिमेतून कन्व्हर्जंट सबसिक्वेन्स निघतो का, इथे. तुमचा फाय एकास-एक आहे आणि अशा फायसाठी निकष सरळ आहे: वर्तुळावर कुठेही अँग्युलर डेरिव्हेटिव्ह (फाय वर्तुळाला टेकतो तिथे, डिस्कमधल्या कोनातून त्या बिंदूकडे जाताना मिळणारं सांत डेरिव्हेटिव्ह) असता कामा नये. इथे १ पाशी ते आहे, चक्क १/२. प्रतिमा म्हणजे १/२ केंद्राची आणि १/२ त्रिज्येची तबकडी. ती मोठ्या वर्तुळाला आतून अगदी चिकटून जाते.

आता १ − √(१ − झेड) बघा. हाही १ लाच टेकतो, पण काटकोनी टोकाने; तिथे अँग्युलर डेरिव्हेटिव्ह नाही, आणि ऑपरेटर कॉम्पॅक्ट! दोन्ही चित्रं वहीत शेजारी-शेजारी काढाच.

फाय एकास-एक नसेल तर एवढ्याने भागत नाही. तिथे शापिरोचा १९८७ चा, नेवनलिना काउंटिंग फंक्शनवरचा (फाय एखादी किंमत किती वेळा आणि वर्तुळाच्या किती जवळ घेतो ते मोजणारं फंक्शन) निकष लागतो. पुणे विद्यापीठात एम.एस्सी. करताय का? मग एखाद्या दुपारी पुण्यातल्या दामले पथावर भास्कराचार्य प्रतिष्ठान या गणिताच्या संस्थेत चक्कर टाका. असली सिद्धता मोबाइलवर वाचून डोक्यात शिरत नाही.