लंडनचे दोन दिवस टूरच्या आधी जोडा, नंतर नको

तुम्ही विचारलंय की पुढच्या जूनमध्ये युरोपच्या ग्रुप टूरला चौघं जाताय, सोबत सत्तरीतले सासू-सासरे आहेत, आणि टूरवाले लंडनला जेमतेम दीड दिवस देतात. तर दोन दिवस जास्त राहून स्वतःचं स्वतः फिरणं जमेल का, की तिथेही गाईड घ्यावा?

जमेल. आणि नक्की राहा. मी आई-बाबांना घेऊन हेच केलंय, म्हणून खात्रीने सांगते. फक्त ते दोन दिवस टूर सुरू व्हायच्या आधी जोडा.

युरोपच्या बऱ्याच टूर लंडनला सुरू होतात आणि रोम, झुरिक अशा कुठल्यातरी दुसऱ्या शहरात संपतात. त्यामुळे शेवटी लंडनला राहायचं तर परत उलटं यावं लागतं. शिवाय दहा-बारा दिवस बसमधून उतरून-चढून म्हातारी माणसं थकलेली असतात. आधी गेलात तर विमानाला उशीर झाला तरी ग्रुप चुकत नाही आणि साडेचार तासांच्या वेळेच्या फरकाची शरीराला सवय होते. बुकिंग करतानाच सांगा की आम्ही ‘जॉइनिंग’ प्रवासी आहोत, लंडनच्या हॉटेलवर येऊन मिळू. विमानाची तिकिटं काढून झाल्यावर सांगितलंत तर बदलाचे पैसे विनाकारण जातात.

व्हिसाचा हिशोब लवकर मांडा. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, वेगळा, आणि एका वेळी पासपोर्ट एकाच ठिकाणी जमा असतो. ब्रिटनचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो. शेंगेनचा सहा महिने आधीपासून घेतात, पण निदान पंधरा दिवस तरी आधी द्यावाच लागतो. दोन्हींसाठी बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, म्हणून सासू-सासऱ्यांच्या त्या दोन फेऱ्याही धरून चाला. जास्तीच्या दोन दिवसांचं हॉटेल ब्रिटनच्या अर्जात दाखवा. टूरची तारीख एक आणि तुमची पोचायची तारीख दुसरी, असा घोळ कागदांत राहू देऊ नका.

आता टूरच्या माहितीपत्रकाबद्दल, कारण माझी पहिली निराशा तिथेच झाली. आम्ही असे स्वतः फिरलो त्याच्या आधीच्या एका सहलीत टॉवर ऑफ लंडन या जुन्या किल्ल्याचं नाव आमच्या कार्यक्रमात होतं. प्रत्यक्षात बस टॉवर ब्रिजजवळ थांबली, वीस मिनिटं फोटो काढले, निघालो. बाबांना कोहिनूर बघायचा होता. तो आत होता आणि आम्ही बाहेर. परत आल्यावर पत्रक नीट वाचलं तर तिथे ‘फोटो स्टॉप’ असंच छापलेलं होतं. म्हणून प्रत्येक ठिकाणापुढे काय लिहिलंय ते बघा: आत प्रवेश, फोटो स्टॉप, की नुसतं बसमधून दर्शन. हॉटेल शहरात आहे की विमानतळाजवळ, हेही लेखी विचारा. टूर मॅनेजर सारखा घाई करतो म्हणून त्याच्यावर चिडू मात्र नका. तिकडे बसचालकाला साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसाला साधारण नऊ तासच गाडी चालवता येते. एका प्रवाशाने अर्धा तास उशीर केला की पुढचं एखादं ठिकाण गळतं, ते यामुळे.

तुमच्या दोन दिवसांसाठी हॉटेल पॅडिंग्टन भागात बघा. हीथ्रो विमानतळाहून एलिझाबेथ लाइनची गाडी थेट तिथे येते, अर्ध्या तासाच्या आसपास. ही लाइन 2022 मध्ये सुरू झाली आणि तिच्या सगळ्या स्टेशनांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्टने जाता येतं. चार बॅगा आणि दोन दुखरे गुडघे घेऊन उतरल्यावर ही केवढी मोठी सोय आहे, ते तिथे गेल्यावरच कळतं.

तिकिटासाठी रांगेत उभं राहायची गरज नाही. कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड गेटवर टेकवलं की झालं. आपल्या कार्डांवर परदेशातला वापर सहसा बंद असतो, तो बँकेच्या अ‍ॅपमधून निघण्यापूर्वीच सुरू करा. माणशी एक कार्ड लागतं, एकाच कार्डावर चौघं जाऊ शकत नाहीत. ज्याच्याकडे कार्ड नसेल त्याला स्टेशनवरच्या मशीनमधून ऑयस्टर, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड, घेऊन द्या. आणि सकाळी प्लॅस्टिकचं कार्ड, दुपारी तेच कार्ड मोबाइलमधून, असं करू नका, कारण यंत्रणा ही दोन वेगळी कार्डं धरते. दिवसभराच्या भाड्याला एक कमाल मर्यादा असते. तेवढे पैसे कापले गेले की पुढचा प्रवास फुकट. पण हा फायदा दिवसभर तेच कार्ड वापरलं तरच मिळतो. ट्यूबमधून, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेतून, बाहेर पडतानाही कार्ड टेकवायचं, विसरलात तर जास्तीत जास्त भाडं कापतात. बसमध्ये मात्र चढतानाच टेकवायचं, उतरताना नाही. बसमध्ये रोख पैसे 2014 पासून घेतच नाहीत.

खरं सांगायचं तर म्हाताऱ्या माणसांसोबत लंडन बघायचं असेल तर ट्यूबपेक्षा बस चांगली. सगळे जण ट्यूबचंच विचारतात, म्हणून हे जरा जोर देऊन सांगते. ट्यूबच्या 272 स्टेशनांपैकी साधारण एक तृतीयांश स्टेशनांवरच पायऱ्यांशिवाय फलाटावर जाता येतं. बाकी ठिकाणी कुठे ना कुठे जिना आडवा येतोच. कॉव्हेंट गार्डनला तर 193 पायऱ्यांचा गोल जिना आहे. तिथे लिफ्ट आहे, पण गर्दी बघून जिन्याने निघालेली माणसं अर्ध्यात बसलेली मी पाहिली आहेत. बसमध्ये चढायला पायरी नसते, बसायला जागा मिळते आणि खिडकीतून शहर दिसतं. पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसरी, तिसरी बस पकडली तर तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. ट्राफल्गर स्क्वेअरहून 15 नंबरच्या बसने निघालात तर स्ट्रँड, फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्स असं करत टॉवर ऑफ लंडनला उतरता. वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसा. बाबा त्या बसमधून उतरायलाच तयार नव्हते.

ट्यूबचा नकाशा बघताना एक लक्षात ठेवा: तो प्रमाणात काढलेला नाही. हॅरी बेकने आखलेल्या आणि 1933 मध्ये पहिल्यांदा छापलेल्या पद्धतीत स्टेशनांचा क्रम खरा आहे, अंतरं खरी नाहीत. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे पाच-सात मिनिटांचं चालणं आहे आणि लोक त्यासाठी जमिनीखाली उतरतात. रस्त्यावर जागोजागी नकाशांचे उभे फलक असतात, त्यांवर पाच मिनिटांत चालत कुठवर पोचाल ते वर्तुळ काढून दाखवलेलं असतं. ते बघा आणि मग ठरवा. ट्यूबने जायचंच असेल तर सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते सात या वेळा टाळा. गर्दीही तेव्हाच आणि भाडंही तेव्हाच जास्त.

गाईडचं म्हणाल, तर दिवसभराचा खाजगी गाईड घेऊ नका. टॉवरच्या तिकिटातच तिथल्या यीओमन वॉर्डरांची, म्हणजे गणवेशातल्या पहारेकऱ्यांची, माहिती सांगत फिरवणारी फेरी धरलेली असते आणि ते फार जीव ओतून सांगतात. मात्र आत गेल्यावर आधी राजमुकुटांची रांग धरा, फेरी नंतर. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी या जुन्या चर्चमध्ये ऑडिओ गाईड तिकिटात मिळतो. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट यांचा कायमस्वरूपी संग्रह बघायला पैसे पडत नाहीत, म्हणून एका दमात सगळं बघायचा हट्ट नको. एखाद-दोन दालनं निवांत बघा आणि बाहेर पडा. दुसऱ्या दिवशी वेस्टमिन्स्टरहून बोटीने ग्रिनिचला जा. भाडं वेगळं पडतं, पण तासभर पाय पसरून बसता येतं आणि सगळे पूल खालून दिसतात.

आणि एक जागा कुठल्याच टूरमध्ये नसते, ती सोडू नका: 10, किंग हेन्रीज रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये हे घर घेतलं, आता तिथे स्मारक आहे. जवळचं स्टेशन चॉक फार्म, नॉर्दर्न लाइनवर. इथे माझी चूक झाली ती तुम्ही करू नका. कॅम्डन टाउननंतर ही लाइन दोन फाट्यांत जाते. आम्ही चेअरिंग क्रॉसला पहिली आलेली गाडी पकडली, ती हाय बार्नेटची निघाली आणि केंटिश टाउनला उतरून उलट यावं लागलं, आईला घेऊन. तुम्ही गाडीच्या कपाळावर ‘एजवेअर’ वाचूनच चढा.

घरातल्या खोल्या छोट्या आहेत. आई तिथे बराच वेळ काही न बोलता उभी होती. नंतर आम्ही प्रिमरोझ हिलवर गेलो, दहाएक मिनिटांच्या चालण्यावर. चढ सौम्य आहे आणि वर बाक आहेत. तिथून अख्खं लंडन समोर दिसतं. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे हा भाग दिवसाच्या शेवटी ठेवलात तरी चालेल. फक्त स्मारक कुठल्या दिवशी आणि किती वाजेपर्यंत उघडं असतं ते निघण्याआधी बघून घ्या.