अर्धवट राहिलेले नूतनीकरण आणि ठेकेदाराचे पैसे

प्रश्न : पुण्यातील एका फ्लॅटच्या नूतनीकरणाचा ६ लाखांचा ठेका मी घेतला होता. तोडफोड, प्लंबिंग आणि फरशी झाल्यावर मालकांनी कुलूप बदलून काम दुसऱ्याला दिले. मला २ लाखच मिळाले असून ‘काम अपुरे, म्हणून पुढचे पैसे नाहीत’ असे ते म्हणतात.

उत्तर : हे म्हणणे टिकण्यासारखे नाही. तुम्ही काम करण्यास तयार असताना मालकांनीच अडवले असेल, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५३ नुसार तुम्हाला करार रद्द करून नुकसानभरपाई मागता येते. तिच्यात झालेल्या कामाचे मूल्य, मिळालेले २ लाख वजा करून, आणि उरलेल्या कामावरचा नफा धरता येतो. मात्र नुकसान कमी करण्याचे जे मार्ग तुमच्या हाती होते, तेही कलम ७३ खाली विचारात घेतले जातात. खरी अडचण कायद्याची नाही, मोजमापाची आहे. नव्या माणसाने तुमच्या कामावर काम चढवले, की तुमचे किती होते हे सांगणे कठीण. म्हणून फोटो, साहित्याची बिले आणि मजुरांची हजेरीवही आजच जपून ठेवा आणि नोटिशीत संयुक्त मोजणीची मागणी करा.

प्रश्न : आमचा ठेकेदार स्वतःच अर्ध्यावर निघून गेला. त्याला पैसे द्यावेत का?

उत्तर : इथे पारडे तुमच्या बाजूला झुकते. इंग्लंडमधील दोन निवाडे आपल्याकडे बंधनकारक नसले, तरी फरक चांगला दाखवतात. १९५२ च्या खटल्यात एका खोलीच्या फ्लॅटची ७५० पौंडांची सजावट पूर्ण झाली होती, पण दुरुस्तीला सुमारे ५६ पौंड लागणार होते. न्यायालयाने तेवढेच कापून बाकी रक्कम देववली. उलट १८९८ च्या खटल्यात ५६५ पौंडांचे बांधकाम अर्धवट टाकणाऱ्याला केलेल्या कामाबद्दल काही मिळाले नाही. मागे राहिलेले साहित्य मालकाने वापरले, त्याचीच किंमत मिळाली. तुम्ही उरलेले काम पुरे करण्यासाठी द्यावा लागलेला जादा खर्च मागू शकता. करारात दंडाची रक्कम लिहिली असली, तरी कलम ७४ मुळे न्यायालय तिच्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते.

प्रश्न : मालकांनी तोंडी सांगितलेल्या जादा कामाचे पैसे किती दिवसांत मागावेत?

उत्तर : पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल, तर मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद १८ नुसार काम झाल्यापासून ३ वर्षांत दावा दाखल व्हायला हवा. नुसती स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने ही मुदत वाढत नाही.