उत्तेजनेनंतर वीर्य बाहेर पडलं नाही तर अंडकोष दुखतात. यामुळे काही नुकसान होतं का?

नुकसान होत नाही. दुखणं मात्र खरं असतं, ते मनाचे खेळ नाहीत. उत्तेजित झाल्यावर लिंग आणि वृषणांकडे रक्तप्रवाह वाढतो आणि ते रक्त काही वेळ तिथेच साचून राहतं. उत्तेजना बराच वेळ टिकली की जडपणा, ओढल्यासारखी मंद कळ जाणवते. इंग्रजी बोलीत याला 'ब्लू बॉल्स' म्हणतात, पण अंडकोष काही खरोखर निळे पडत नाहीत.

'वीर्य तुंबतं, सडतं, डोक्यात चढतं' हे सगळं खोटं आहे. न वापरलेले शुक्राणू शरीर स्वतःच शोषून घेतं. उत्तेजना ओसरली की रक्त परत फिरतं आणि दुखणं आपोआप थांबतं. थोडं चाललात, मन दुसरीकडे वळवलंत, तरी पुरतं. हस्तमैथुनानेही आराम पडतो. स्त्रियांनाही ओटीपोटात असाच जडपणा येतो, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

आणि हे मला कळकळीने सांगायचंय: 'मला त्रास होतोय, आता तू नाही म्हणू शकत नाहीस' असं जोडीदाराला म्हणणं ही जबरदस्ती आहे. हा त्रास दूर करणं ही दुसऱ्या कुणाचीही जबाबदारी नाही.

एका अंडकोषात अचानक असह्य कळ आली, सूज किंवा उलटी झाली, तर ते वेगळं दुखणं असू शकतं. वृषणाला पीळ पडला असेल तर साधारण 6 तासांत शस्त्रक्रिया व्हावी लागते. ताठरता 4 तासांहून जास्त टिकली तरीही थेट रुग्णालय गाठा, लाजू नका.