यूकेमधल्या नवीन युनिव्हर्सिटी कॅम्पसवर ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा ग्रुप कसा सुरू करायचा?

सलाम भावा. तू लिहिलंयस की सप्टेंबरमध्ये यूकेला एक वर्षाच्या मास्टर्सला चाललायस, तो कॅम्पस नवीनच उघडलाय, तिथे ख्रिश्चन युनियन वगैरे काही दिसत नाही, मग ग्रुप कसा सुरू करू, आणि लोक "हा धर्मांतर करायला आलाय" असं म्हणतील का. मी पण इंग्लंडमध्येच शिकले, मिडलँड्समध्ये, आणि तिथे असल्याच उद्योगात होते, म्हणून जरा लांबलचक लिहितेय, अरेतुरे करतेय ते चालवून घे.

सगळ्यात आधी कॅलेंडर बघ. सप्टेंबरअखेरीस पोचणार, पहिले दोन आठवडे बँक, सिम, घर ह्यातच जाणार, डिसेंबरच्या मध्यापासून ख्रिसमसची सुट्टी, जानेवारीत असाइनमेंटची मारामारी, मग फेब्रुवारी-मार्च, आणि ईस्टर झाला की सगळे डिझर्टेशनमध्ये बुडालेले. म्हणजे एक वर्ष म्हणतोस ते खरं चार-पाच महिन्यांचंच असतं. त्यामुळे मी पहिला प्रश्न उलटा विचारेन, तू परत आल्यावर हे कोण चालवणार? अंडरग्रॅज्युएट मुलं तिथे तीन वर्षं असतात, मास्टर्सवाले पाहुणे. तर पहिल्या महिन्यातच फर्स्ट इयर किंवा सेकंड इयरचं कुणीतरी शोध आणि प्रेसिडेंट म्हणून त्याचं किंवा तिचं नाव लाव, तुझं नको. भले सुरुवातीला निम्मी कामं तूच करशील.

दुसरं म्हणजे, काही दिसत नाही म्हणजे काही नाहीच असं धरून चालू नकोस. नवीन कॅम्पस बहुतेक वेळा जुन्या युनिव्हर्सिटीचीच शाखा असते आणि मेन कॅम्पसवर ख्रिश्चन युनियन असते, तिचे लोक "कुणीतरी तिकडे सुरू करा रे" म्हणून वाटच बघत असतात. यूसीसीएफ नावाची संस्था ह्या युनियन्सना मदत करते, १९२८ पासून, तेव्हा नाव इंटर-व्हर्सिटी फेलोशिप होतं, आणि त्यांचे स्टाफ वर्कर भागाभागात नेमलेले असतात. तू इकडे पुण्यात किंवा नगरला यूईएसआय ह्या भारतातल्या ख्रिस्ती विद्यार्थी संघटनेच्या ईयूत, म्हणजे कॉलेजच्या ग्रुपमध्ये, जात असशील तर हे त्याच घरातले, दोन्ही आयएफईएस ह्या जागतिक संघटनेत आहेत. परदेशी विद्यार्थ्यांसाठी फ्रेंड्स इंटरनॅशनल आहे. आणि बहुतेक युनिव्हर्सिट्यांत चॅप्लन, म्हणजे कॅम्पसवरचा पाळक, असतो, हा माणूस सोडू नकोस, कुठली खोली रिकामी असते, किल्ली कुणाकडे, कुठला कॅथलिक मुलगा एकटाच बसून असतो हे सगळं त्याला माहीत असतं. कॅथलिक म्हटल्यावर नाक मुरडू नकोस, आपल्याकडची मंडळ्यांची, म्हणजे चर्चांची, भांडणं विमानात घेऊन चढू नये.

स्टुडंट्स युनियनकडे, म्हणजे सगळ्या विद्यार्थ्यांच्या अधिकृत संघटनेकडे, ग्रुपची नोंदणी करायची का? करायची, पण लगेच नाही. चार जणांनी हॉलच्या, म्हणजे हॉस्टेलच्या, किचनमध्ये बसून मार्कचं शुभवर्तमान वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. नोंदणी केली की फुकट खोली मिळते आणि फ्रेशर्स फेअरला, म्हणजे नवीन मुलांसाठीच्या क्लबांच्या मेळाव्याला, टेबल मिळतं, आणि टेबल ही मोठी गोष्ट आहे कारण नवीन मुलं एकदाच एवढी सगळी एका ठिकाणी सापडतात. त्यासाठी ठराविक सह्या, प्रेसिडेंट-सेक्रेटरी-ट्रेझरर अशी कमिटी आणि लेखी नियमावली लागते, नेमके आकडे प्रत्येक युनिव्हर्सिटीत वेगळे. मेंबरशिप सगळ्यांना खुली ठेवावी लागते, इथे बरेच जण अडकतात. २००६ साली एक्झेटर युनिव्हर्सिटीच्या स्टुडंट्स गिल्डने (तिथल्या स्टुडंट्स युनियनचं नाव) तिथल्या ख्रिश्चन युनियनला सस्पेंड केलं होतं, वाद हाच, मेंबर व्हायला श्रद्धेच्या जाहीरनाम्यावर सही का मागता म्हणून, प्रकरण पार वकिलांपर्यंत गेलं. तर नियमावली स्वतःच्या डोक्याने लिहू नकोस, मेन कॅम्पसवाल्यांची पास झालेली घे आणि नाव बदल. आणि बाहेरचा वक्ता बोलवायचा असेल तर फॉर्म आधी भरावा लागतो. २०१५ च्या दहशतवादविरोधी कायद्यानंतर हे तपासणं युनिव्हर्सिट्यांना बंधनकारक झालंय, सगळ्याच धर्मांना लागू आहे. आपले पाळकसाहेब लंडनला आलेत म्हणून शुक्रवारी आणून उभे केले, असं तिथे चालत नाही.

आता मुलं येतात कशाला? खरं सांगू, आधी खायला येतात. ब्रिटिश ख्रिश्चन युनियन्सचा एक झकास प्रकार आहे, टेक्स्ट-अ-टोस्टी. हॉलमध्ये एक नंबर वाटायचा, देवाबद्दल काहीही प्रश्न पाठवा आणि टोस्टीत, म्हणजे भाजलेल्या सँडविचमध्ये, काय भरायचं ते सांगा, आम्ही गरम टोस्टी घेऊन दाराशी येतो आणि उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. आमच्याकडे एक जण फोन धरून ओरडायचा, "फ्लॅट नऊ, चीज अँड बीन्स, डायनासोर बायबलमध्ये का नाहीत!" दोघं मशीनवर, बाकीचे जिन्यावर पळतायत. निम्मे प्रश्न टवाळीचे असतात. पण मधूनच एखादा येतो की देव आहे तर माझी आई एवढ्या लवकर का गेली, आणि तिथे शिकवलेलं उत्तर घेऊन गेलास तर तोंडघशी पडशील, तिथे टोस्टी द्यायची आणि तो बस म्हणाला तर बसायचं, ऐकायचं. जाताना दोघांनी जायचं, एकट्याने नाही, आणि आत बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. हॉलवाल्यांना आधी विचारून ठेव, दारोदार फिरायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते.

आपल्या मुलांसाठी वेळ मात्र वेगळी धरावी लागते. स्टुडंट व्हिसावर टर्ममध्ये आठवड्याला २० तास काम करता येतं आणि देशी पोरं ते पुरेपूर करतात, वेअरहाऊस, केअर होम, रात्रीच्या शिफ्टा. गुरुवारी साडेसातची इंग्लिश मीटिंग त्यांना कधीच जमणार नाही. रविवारी दुपारी खिचडी लाव, बघ कसे येतात. व्हेज ठेव म्हणजे सगळेच खाऊ शकतात, आणि फोडणी देताना किचनचं दार बंद ठेव, नाहीतर स्मोक अलार्म वाजून अख्खी बिल्डिंग थंडीत बाहेर उभी राहील आणि तुझी प्रसिद्धी वेगळ्याच कारणाने होईल. फक्त मराठी किंवा फक्त इंडियन करू नकोस एवढंच. मल्याळी आणि तेलुगू मुलांच्या आपापल्या प्रार्थना बऱ्याच शहरांत चालूच असतात, तिथे जरूर जा, पण कॅम्पसचा ग्रुप कॅम्पसचाच असू दे, चायनीज मुलगी आली तर तिला कळेल अशा भाषेत.

आता धर्मांतराचं. लोक म्हणतील का? गोरे नाही म्हणणार, ते फार तर कंटाळतील. आपले म्हणतील, आणि त्यांना तसं वाटण्याचं कारण तू देऊ नकोस. पोस्टरवर स्पष्ट लिही की हा ख्रिस्ती कार्यक्रम आहे, बायबल वाचलं जाईल. "कल्चरल नाइट" म्हणून बोलवायचं आणि मध्येच साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेची कहाणी, सुरू करायची, हे मला बिलकुल आवडत नाही, फसवल्यासारखं वाटतं आणि तो माणूस परत फिरकत नाही. एअरपोर्टवरून आणलंस, गादी मिळवून दिलीस, तर ते दिलंस आणि विसरलास, पुढच्या आठवड्यात "मीटिंगला का नाही आलास" विचारायचं नाही. एकटं पडलेलं पोरगं कुणालाही हो म्हणतं, त्या होला काही अर्थ नसतो. आणि फोटो! कुणा हिंदू मैत्रिणीचा खिचडी खातानाचा फोटो "प्रेझ द लॉर्ड" लिहून इन्स्टावर टाकलास तर संध्याकाळपर्यंत तो तिच्या काकांच्या व्हॉट्सॲपवर पोचलेला असतो आणि तिला घरी उत्तरं देत बसावं लागतं. विचारल्याशिवाय एकही फोटो नाही.

परत चालवणाऱ्याच्या मुद्द्यावर येते. १८०६ मध्ये अमेरिकेत विल्यम्स कॉलेजची पाच पोरं वादळात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थना करत बसली होती. त्या धडपडीतून १८१० ला परदेशी मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड निघालं आणि १८१३ ला त्याच कॉलेजचा गॉर्डन हॉल मुंबईत उतरला, आपलं अमेरिकन मराठी मिशन ते. पण गॉर्डन हॉल त्या पाचांत नव्हता, आणि त्या पाचांचा पुढारी सॅम्युएल मिल्स कधी हिंदुस्थानात आलाच नाही. नगरच्या मंडळीतल्या माझ्या आजीला मिल्सचं नावही माहीत नव्हतं. तुझं नावही त्या कॅम्पसवर कुणाला माहीत नसलं तरी चालेल, पण फेब्रुवारीत पुढची कमिटी ठरलेली पाहिजे, बँकेच्या खात्यावर नवीन ट्रेझररची सही गेलेली पाहिजे आणि व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिनशिप दुसऱ्याकडे पाहिजे. हे तिसरं सगळे विसरतात.

व्हिसाची वाट बघत बसला असशील तर आजच चॅप्लनला ईमेल टाक, तीन ओळींचा, मी अमुक, तमुक तारखेला येतोय, इथे अजून कोण ख्रिस्ती विद्यार्थी आहेत का. ऑगस्टमध्ये उत्तर यायला वेळ लागतो, तिकडे सगळे सुट्टीवर असतात.