हायड्रोजनचा ट्रॅक्टर घेतला तर धूर खरंच थांबेल का?

प्रश्न: हायड्रोजनच्या ट्रॅक्टरमधून फक्त पाण्याची वाफ निघते म्हणतात. डिझेल सोडलं तर तब्येतीला आणि पिकाला किती फायदा? हायड्रोजन बनवायला पाणी फार लागतं का? ट्रॅक्टर शेडमध्ये ठेवता येईल का?

उत्तर: वाफेची गोष्ट फ्युएल सेलच्या, म्हणजे हायड्रोजन न जाळता त्यापासून वीज बनवून चालणाऱ्या, ट्रॅक्टरपुरतीच खरी. इंजिनातच हायड्रोजन जाळला तर काजळी जवळपास नाही, पण नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. हेच वायू उन्हात इतर वायूंशी मिळून जमिनीलगत ओझोन बनवतात. गहू आणि सोयाबीनला तो बाधतो: पानं लवकर पिवळी पडतात, दाणा नीट भरत नाही. म्हणून ट्रॅक्टर कोणत्या प्रकारचा आहे, ते आधी विचारा.

तब्येतीचा फायदा मात्र मोठा. मळणीच्या वेळी ट्रॅक्टर तासन्‌तास एकाच जागी चालू असतो आणि यंत्रात पेंढ्या सारणारा माणूस दिवसभर तोच धूर घेतो. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्येच दिला आहे. फ्युएल सेलने हा धूर जाईल. भुशाची धूळ राहीलच, तेव्हा तोंडाचा रुमाल सोडू नका.

आता हायड्रोजन कुठून येतो ते बघा, कारण खरी मेख तिथेच आहे. आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो. नैसर्गिक वायूपासून 1 किलो बनवताना साधारण 9 ते 10 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे धूर शेतातून उठून कारखान्यावर गेला, एवढंच. सौर किंवा पवन विजेने पाणी फोडून बनवला तरच हिशेब जमतो; त्याला किलोमागे 50 ते 55 युनिट वीज लागते.

पाण्याची धास्ती नको. 1 किलोला किमान 9 लिटर शुद्ध पाणी लागतं. शुद्धीकरण आणि थंडाव्याचं धरून आणखी काही. त्या किलोत सव्वातीन लिटर डिझेलइतकी ऊर्जा असते. याउलट हेक्टरभर रानाला 50 मिलिमीटरची एक पाळी म्हणजे 5 लाख लिटर!

शेडमध्ये ठेवता येईल, पण छताच्या अगदी वरच्या टोकाला हवा जायला वाट हवी. हा वायू हलका, सरळ आढ्याशी साठतो. त्याला वास नाही आणि ज्योत उजेडात दिसत नाही, त्यामुळे नाकावर भरवसा न ठेवता गळती सांगणारा सेन्सर वरच बसवा. टाकीत 350 ते 700 बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण तितके पट, दाब असतो. गावातल्या वेल्डरला तिला हात लावू देऊ नका.